अपग्रेडनंतर आलेले सहा शून्य

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याच्या व्हर्जन १३ वरून १५ वर गेलो, एकही एरर नाही, मी खूश. आणि मग दुपारी कळलं की वेळेच्या सेकंदांवरून रेकॉर्डची ओळख-की (key) बनवणारं आमचं फंक्शन भलतंच काहीतरी देतंय, १६३४५६७८९० च्या जागी १६३४५६७८९०.००००००, त्यामुळे जुन्या रेकॉर्डशी काहीच मॅच होईना.

आधी ड्रायव्हरवर (अ‍ॅपला डेटाबेसशी जोडणारा कोड) संशय घेतला, मग टाइमझोनवर (माझी जुनी सवय, काही बिघडलं की टाइमझोन). डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने, फंक्शनमधलीच क्वेरी व्ह्यूमध्ये (म्हणजे डेटाबेसमध्ये नावाने साठवलेल्या क्वेरीत) मात्र बरोबर चालत होती!

शेवटी रिलीज नोट्स वाचल्या, ज्या आधी वाचायला हव्या होत्या. १४ पासून एक्सट्रॅक्ट, म्हणजे तारीख-वेळेतून सेकंदांसारखा भाग काढणारं फंक्शन, हे डबल प्रिसिजनऐवजी न्यूमेरिक देतं (दोन्ही आकड्यांचे प्रकार, पण न्यूमेरिक दशांशाची घरं जपतं), म्हणून टेक्स्टमध्ये बदललं की शेपटीला शून्य येतात. आणि व्ह्यू का बचावला? जुन्या व्हर्जनमध्ये व्ह्यू बनवतानाच एक्सट्रॅक्टचं डेट पार्ट (तेच काम करणारं जुनं फंक्शन) होऊन जायचं आणि तेच सेव्ह व्हायचं, ते अजूनही डबलच देतं. फंक्शनची बॉडी मात्र साधी स्ट्रिंग, ती नव्या नियमाने वाचली गेली.

आमच्याकडे वेळ पूर्ण सेकंदांतच असते म्हणून बिगइंटमध्ये (पूर्णांकाचा प्रकार) कास्ट केलं, म्हणजे बदललं. तुमच्याकडे अपूर्णांक असतील तर आधी फ्लोअर (खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन) लावा, नाहीतर कास्ट गुपचूप राउंड करतो.