तुम्ही विचारलंत म्हणून : आजार दिसतोय, तर कोड का देत नाही?

ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, फिजिओथेरपी नाहीतर होमिओपॅथी शिकून मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरची नोट वाचून बिलासाठी आजाराचा ठरलेला कोड देण्याच्या कामात, आलेले. "मॅम, नोट वाचून आजार सरळ कळतोय. मग तो कोड का नाही द्यायचा?" घरी मावशी हेच तिच्या शब्दांत विचारते : "एवढं शिकलीस, आणि डॉक्टरनं लिहिलं नाही म्हणून गप्प बसतेस?" आजवर "गाइडलाइन आहे" म्हणून मी विषय मिटवत आले. आज नीट सांगते.

नियम मी मुकाट्यानं पाळते असा समज असेल तर तो काढून टाका. हाताच्या सांध्यांचं आणि टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं, अस्तर सुजलं की आपल्या कोडांत काय काय होतं ते तुम्ही रोज बघता. ट्रिगर फिंगरला, म्हणजे वाकवल्यावर अडकणाऱ्या बोटाला, प्रत्येक बोटाचा आणि बाजूचा वेगळा कोड. उजवी तर्जनी एम६५.३२१. डी क्वेर्व्हेनला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूनं मनगट सुजतं त्याला, मात्र नुसता एम६५.४. डॉक्टरनं कितीही काळजीनं 'डावं मनगट' लिहिलं तरी निदानाच्या कोडात ते उतरतच नाही. याचा मला अजूनही राग येतो. नुसतं 'सायनोव्हायटिस', म्हणजे अस्तराची सूज, एवढंच लिहिलेलं असलं की सगळं शरीर एम६५.९ या एकाच गाठोड्यात जायचं. १ ऑक्टोबर २०२४ ला ते गाठोडं सुटलं आणि उजव्या हाताला एम६५.९४१, डाव्याला एम६५.९४२ मिळाले. इतकी वर्षं काय अडलं होतं?

तरीही मी दिसलेला आजार लिहीत नाही, कारण एकदा लिहिला होता.

कोडिंगमध्ये मला दोन वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या ओपीडीचा चार्ट. ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते. चाळिशीतली बाई. सकाळी तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हात दुखतात, बोटांच्या मुळाचे सांधे सुजलेले. डॉक्टरनं लिहिलं होतं : 'प्रॉबेबल रूमॅटॉइड सायनोव्हायटिस, रक्त तपासायला पाठवलं आहे.' म्हणजे बहुधा रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातामुळे आलेली सूज.

नियम मला पाठ होता. ओपीडीत 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' अशा शंकेच्या शब्दांत लिहिलेलं निदान कोड करायचं नाही, लक्षणं करायची. म्हणजे हात दुखण्याचे एम७९.६४१ आणि एम७९.६४२, ताठरपणाचे एम२५.६४१ आणि एम२५.६४२. चार कोड, आणि एकातही आजाराचं नाव नाही. मला ते अपुरं वाटलं, खरं तर अपमानाचं वाटलं. कॉलेजच्या ओपीडीत असे हात मी स्वतः हातात घेतले होते, गरम मेणाच्या वॅक्स बाथमध्ये बुडवून काढले होते. हे मला कळत नाही असं कसं मानायचं? मी एम०६.९ टाकला. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुढचा चार्ट उघडला.

दोनेक महिन्यांनी तो ऑडिटमधून परत आला, सोबत त्याच बाईची पुढच्या भेटीची नोट. रूमॅटॉइडसाठीच्या दोन्ही रक्ततपासण्या, रूमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, निगेटिव्ह. दुखणं सुरू होण्याआधी तिच्या मुलाला ताप येऊन गालांवर पुरळ उठलं होतं. पार्व्होव्हायरस निघाला. मुलांना पुरळ येतं, मोठ्या बायकांचे हात असे सुजतात आणि बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतात. तिचे उतरले होते.

त्या नोटच्या शेवटी डॉक्टरनं लिहिलं होतं की पेशंटनं बिलाच्या कागदावर आजाराचं नाव वाचलं, तिला झोप लागत नाही, तिच्या आईची बोटं याच आजारानं वाकडी झाली होती. हे कोणी ठरवलं, असं तिनं विचारलं होतं. डॉक्टरनं तिला तसं सांगितलंच नव्हतं. ते मी ठरवलं होतं, पुण्यात बसून, रात्रपाळीत, तिचा हात न बघता.

दुरुस्त क्लेम गेला. ऑडिटमध्ये ती एक चूक म्हणून मोजली गेली. त्या महिन्याची माझी अ‍ॅक्युरसी ९५ टक्क्यांच्या वरच राहिली आणि इन्सेंटिव्हही मिळाला. ते पैसे मी घेतले.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, रक्त निगेटिव्ह असूनही रूमॅटॉइड असतो, तू शिकली आहेस. अंदाज काही वेडावाकडा नव्हता. नव्हताच. डॉक्टरचाही तोच होता. पण त्यानं 'प्रॉबेबल' हा शब्द ठेवला आणि मी तो गाळला. एम०६.९ मध्ये 'कदाचित'ला जागा नाही.

मग ती विचारते, अ‍ॅडमिट पेशंटचं काय? तिथे मी अडखळते. कारण तिथला नियम बरोबर उलटा आहे : डिस्चार्जच्या वेळीही निदानापुढे 'प्रॉबेबल' असेल, तर आजार आहे असं धरूनच कोड द्यायचा. कारण असं देतात की तपासण्या आणि उपचार त्या आजाराचेच झालेले असतात. हॉस्पिटलच्या हिशेबाला ते पटतं. पण तीच बाई दोन दिवस अ‍ॅडमिट होऊन 'प्रॉबेबल'सकट घरी गेली असती, तर माझा कोड बरोबर ठरला असता आणि तिची झोप तेवढीच उडाली असती. बॅचमधल्या एका मुलानं हे माझ्या तोंडावर विचारलं होतं. त्याला मी उत्तर देऊ शकले नाही, आजही देऊ शकत नाही.

काल एक चार्ट आला. 'सायनोव्हायटिस, हात.' कोणता हात, ते नाही. नर्सच्या नोंदीत उजवा, एक्स-रेच्या ऑर्डरवर डावा. बाजू ठरवायला नर्सची नोंद चालते, पण कागदच एकमेकांशी भांडत असतील तर डॉक्टरलाच विचारावं लागतं. एम६५.९४९ टाकून, म्हणजे हात न सांगताच, मोकळं होता आलं असतं; टार्गेट बाकी होतं. शेजारची नवी मुलगी, फिजिओथेरपीची बीपीटी पदवी घेतलेली, म्हणाली, "मॅम, ती उजव्या हातानं शिवणकाम करते असं वर लिहिलंय. उजवाच असणार."

मलाही उजवाच वाटतो. क्वेरीत मी एवढंच लिहिलं : कोणत्या हाताला सायनोव्हायटिस आहे, ते कृपया नोंदवावं. उत्तर आलेलं नाही. चार्ट होल्डवर आहे.