काय झालं रे? काही नाही, बघतायत

आमच्या आईने 'आई कुठे काय करते' पहिली चार वर्षं बघितलीच नाही. ऐकली. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आल्यावर ती मालिका बिघडली की नाही याबद्दलची माझी सगळी ठाम मतं जरा डळमळीत झाली, म्हणून हे लिहायला बसलोय.

मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली २३ डिसेंबर २०१९ ला, वेळ संध्याकाळी साडेसात. आता आमच्याकडे साडेसात म्हणजे कुकर लावायची वेळ. बाबांची शुगरची गोळी सव्वाआठला आणि त्यानंतर वीस मिनिटांत ताट पुढ्यात यायलाच लागतं, नाहीतर त्यांना घाम फुटतो, त्यामुळे मालिका कितीही रंगात आली तरी आई ओट्यापाशीच. आमच्या ओट्यापासून हॉलमधल्या टीव्हीचा फक्त डावीकडचा वीतभर भाग दिसतो. त्या वीतभरात कधी मालिकेतल्या सासूचा, कांचनचा खांदा, कधी सासऱ्यांचा, आप्पांचा अर्धा चष्मा, बऱ्याचदा नुसता पडदा. बाकी सगळं कानावर. आवाज बत्तीसवर. माझं लॉकडाऊनपासून वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला, म्हणजे आपोआपच वार्ताहर मी.

"काय झालं रे?"

"काही नाही, बघतायत."

"कोण?"

"सगळेच. एकमेकांकडे."

हा संवाद आमच्या घरात किती वेळा झाला असेल याची गणतीच नाही. आईला बॅकग्राउंड म्युझिकवरून कळायचं की आता किती महत्त्वाचं चाललंय. बासरी असली की ती कणीक मळत राहायची, तबला-बिबला जोरात वाजायला लागला की हात तसेच पिठाचे घेऊन दारात येऊन उभी, आणि ढॅण ढॅण ढॅण झालं की गॅस बारीक. दोन मिनिटं उभी राहायची, जाहिरात लागली की आत. मी सोफ्यावर बसून तिला गोष्ट सांगायचो आणि त्यात मला काही वाटायचं पण नाही, मालिकेचं नाव वरती कोपऱ्यात रोज झळकत असूनसुद्धा.

बरं, ऐकते म्हणून कमी कळतं असं अजिबात नाही हां. लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं होतं, मग जुलै २०२० मध्ये नवीन भाग सुरू झाले, तेव्हा संजना, म्हणजे मालिकेतल्या नवऱ्याची ती दुसरी बाई, बदलली होती. आधी दीपाली पानसरे करायची, तिच्या जागी रुपाली भोसले आली. मी स्क्रीनकडे तोंड करून बसलेलो पण अर्धं लक्ष मीटिंगमध्ये, मला पत्ताच नाही. आतून आई ओरडली, "अरे हिला करोना झालाय का? घसा बसल्यासारखा वाटतोय." मी वर बघितलं तर बाईच वेगळी.

तर मुद्दा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आणि मी यांचं एकमत होतं की मालिका बिघडली, फक्त कधी बिघडली यावर भांडण. काकूंचं म्हणणं ज्या दिवशी अरुंधतीचं, म्हणजे मालिकेतल्या आईचं, दुसरं लग्न झालं त्या दिवशी. (काकूंना दुसऱ्या लग्नाचं वावडं आहे, त्या ते कबूल करत नाहीत.) माझं म्हणणं त्याच्या खूप आधी. २०२१ मध्ये घटस्फोट होतो आणि ती देशमुखांच्या समृद्धी बंगल्यातून बाहेर पडते ना, तिथेच गोष्ट संपली. पंचवीस वर्षं राबलेली बाई, नवरा अनिरुद्ध ऑफिसातल्या बाईबरोबर, सासू नवऱ्याच्या बाजूने, सासरा तिच्या बाजूने, अभी, यश, ईशा ही मुलं आपापल्या बाजूने, आणि तिला हळूहळू कळतं की आपल्याला गाता येतं, कमावता येतं, एकटं राहता येतं. मग ती निघते. झालं की. यापुढे सांगायचं काय उरलं?

पण मालिकेचं असं असतं की बाई सुखी झाली की लेखकांची पंचाईत. सुखी बाईवर आठवड्याला सहा भाग कसे काढणार. आशुतोष केळकर आणला, चांगला माणूस, कॉलेजपासून हिच्यावर मनातल्या मनात प्रेम करणारा, ओंकार गोवर्धन दिसायचाही अगदी तसाच, सरळ. दोन वर्षं लग्न करू की नको, करू की नको. २०२३ मध्ये एकदाचं केलं. मग परत प्रॉब्लेम, आता तर डबल सुखी! म्हणून मग अभीचं काहीतरी, ईशाचं काहीतरी, संजनाचं काहीतरी, आणि प्रत्येक काहीतरीला बोलवायचं कोणाला तर अरुंधतीला. घटस्फोट झालेल्या बाईने आधीच्या घरी इतक्या चकरा मारलेल्या मी कुठे बघितल्या नाहीत. शेवटी आशुतोषला अपघातात मारला. काकू त्या दिवशी गंभीर चेहऱ्याने वर आल्या होत्या, "बघ, मी म्हटलंच होतं," असं म्हणाल्या. काय म्हटलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

माझी अजून एक थिअरी होती आणि ती मी मित्रांमध्ये फार ऐटीत मांडायचो. ही मूळ गोष्ट आपली नाहीच, 'श्रीमोयी' नावाच्या बंगाली मालिकेवरून घेतलेली. ती स्टार जलशावर जून २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये संपली. आपली त्यानंतर आणखी जवळजवळ तीन वर्षं चालली. म्हणजे पुढच्या बाकावरचा मुलगा पेपर देऊन निघून गेला आणि मागचा पुरवण्या घेत बसला. ह्याच बंगाली गोष्टीवरून निघालेली हिंदीतली 'अनुपमा', तीही जुलै २०२० पासून पुरवण्याच घेतेय, पण ते जाऊदे.

खरं सांगायचं तर मी त्यांना फार दोषही देत नाही. साधा हिशोब करा. रोज बावीस मिनिटं धरली आणि आठवड्याला सहा भाग, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा पिक्चर. असे पाच वर्षं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, त्यात एखादा ट्रॅक चालला की तो ताणा, नाही चालला की गुंडाळा, मध्येच एखादा कलाकार सोडून जाणार, मध्येच महाएपिसोड. पुलाव केलाय आणि ऐनवेळी दहा पाहुणे वाढले की आई काय करते, वरण पातळ करते. तेच आहे हे. पाणी घालणं हा शब्द मालिकांच्या बाबतीत कोणी शोधून काढला माहीत नाही पण तो स्वयंपाकघरात उभा असणार. आजीच्या वेळी 'चार दिवस सासूचे' होती ईटीव्ही मराठीवर, ती २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांच्या वर भाग. त्याच्यापुढे आमची अरुंधती म्हणजे किस झाड की पत्ती. आजी ती बिघडली बिघडली म्हणत अकरा वर्षं बघत होती, सुरू झाली तेव्हा मी चौथीत होतो आणि संपली तेव्हा माझं इंजिनिअरिंग चालू होतं.

तर असं सगळं आमचं मत पक्कं झालेलं, आणि मग मार्च २०२४ मध्ये चॅनलने साडेसातचा स्लॉट 'घरोघरी मातीच्या चुली'ला दिला आणि अरुंधतीची रवानगी केली दुपारी अडीचला. लोकांनी लिहिलं की अन्याय आहे, एकेकाळी टीआरपीत पहिल्या नंबरवर असलेली मालिका अशी दुपारी नेऊन टाकली. मला पण वाईट वाटलं जरा. पण आमच्या घरी काय झालं, की अडीचला आईची जेवणं आटपलेली, ओटा पुसलेला, बाबा आत झोपलेले. चार वर्षांत पहिल्यांदा ती टीव्हीसमोर, सोफ्यावर, पाय वर घेऊन, काहीही न करता बसली. आवाज बारावर कारण बाबा झोपलेत.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला बाहेर आलो तर तोंड आंबट करून बसलेली.

"अरे, ही इतकी हळू कधीपासून झाली?"

मी म्हटलं आई, ही पहिल्यापासून अशीच आहे. तिला पटेना. म्हणाली पूर्वी कशी भराभर चालायची, माझ्या पोळ्या होईपर्यंत किती काय काय होऊन जायचं. मग मी पण इरेला पेटलो. रविवारी हॉटस्टारवर २०२० मधला एक भाग लावला, जो तिला तोंडपाठ होता, आणि तिला शेजारी बसवून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. अरुंधती एक वाक्य बोलते. मग आप्पांचा चेहरा. कांचनचा चेहरा. अनिरुद्ध, जवळून. यश. ईशा. कामवाली विमल दारात उभी, तिचा पण चेहरा. परत अनिरुद्ध, आणखी जवळून, आता नुसत्या भुवया. मग अरुंधती, जी अजून त्याच जागी त्याच वाक्याच्या शेवटाला उभी आहे. छत्तीस सेकंद. एका वाक्याला.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तू 'बघतायत' म्हणायचास तेव्हा हे खरंच नुसते बघत असायचे? मला वाटायचं तू आळशीपणा करतोयस, नीट सांगत नाहीस."

बघा म्हणजे. चार वर्षं माझ्यावर संशय!

पण त्या छत्तीस सेकंदांत आई काय करत असायची? एक पोळी लाटून तव्यावर टाकायची. पुढचं वाक्य येईपर्यंत पोळी उलटायची. ती शांतता तिला शांतता वाटलीच नाही कधी, कारण तिच्याकडे कुकर होता, एक्झॉस्ट फॅन होता, फोडणी होती. मालिका बनवणाऱ्यांना हे बरोबर माहीत असणार की समोर बसून डोळे लावून कोणी बघत नाहीये, बाई कामात आहे, तिला दोन मिनिटं आत-बाहेर करायला जागा ठेवली पाहिजे, आणि परत आल्यावर तिचं काही चुकलेलं नसलं पाहिजे. आम्ही सोफ्यावरचे लोक उगाच मध्ये बसून स्लो आहे स्लो आहे म्हणून शंख करत होतो. आमच्यासाठी ती नव्हतीच.

मग मी आईला विचारलं की मग बिघडली नाहीच का? तर म्हणाली, "बिघडली की. पण तू आणि काकू म्हणता तिथे नाही." म्हटलं कुठे? तर ती जे म्हणाली ते मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त पटलं. म्हणाली, "पूर्वी ऐकून कळायची."

आणि खरंच होतं ते. सुरुवातीची वर्षं आठवून बघा. मुग्धा गोडबोलेंचे संवाद, अरुंधती कांचनशी, आप्पांशी, विमलशी बोलायची ते बोलणं असायचं. डब्यात काय दिलं, कुणाच्या गोळ्या राहिल्या, मी एवढं केलं पण कुणी विचारलं नाही, असलं. मधुराणी प्रभुलकरचा आवाज मुळात गाणारीचा, ती हळू बोलली तरी पाण्याच्या नळावरून ऐकू यायची. डोळे मिटून ऐकलं तरी पूर्ण गोष्ट कळायची. आणि नंतर नंतर गोष्ट बोलण्यातून घडेनाशी झाली, ती अपघातातून घडायला लागली, दवाखान्यातल्या टूं टूं आवाजातून, कुणाच्या तरी मोबाइलवर आलेल्या मेसेजमधून, दाराआडून ऐकणाऱ्या चेहऱ्यांतून. आता मोबाइलवरचा मेसेज ओट्यापासून कसा वाचणार माणूस? माझं वार्ताहराचं काम २०२२ नंतर फार वाढलं होतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आधी दिवसातून एकदा "काय झालं रे" असायचं, नंतर दर पाच मिनिटांनी, आणि मलाही सांगता यायचं नाही, कारण मलाही कळलेलं नसायचं.

आईच्या हिशोबाने बघितलं तर जुन्या मालिका का चांगल्या वाटतात तेही थोडं उलगडतं. 'आभाळमाया' १९९९ ची, तिच्यातही नवऱ्याची दुसरी बाई होतीच, विषय काही नवीन नाही, पण सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी आईला अजून आवाजात आठवते, चेहऱ्यात नाही. दूरदर्शनवरची 'दामिनी' तर ती म्हणते मी गच्चीत कपडे वाळत घालताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ऐकायचे. मी म्हटलं अगं मग आपला टीव्ही? म्हणाली तो तुझ्या बाबांनी क्रिकेटला लावलेला असायचा.

'आई कुठे काय करते' ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, दीड हजाराच्या घरात भाग झाले. शेवटचा भाग तिने सोफ्यावर बसून बघितला, मी पण सुट्टी होती म्हणून बसलो, काकू पण वर आल्या. तिघंही रडलो नाही. काकू म्हणाल्या एवढं ताणायला नको होतं, आणि चहा घेऊन गेल्या.

त्या जागी लगेच २ डिसेंबरपासून 'आई आणि बाबा रिटायर होत आहेत' लागली, निवेदिता सराफ आणि मंगेश कदम. पहिले दोन दिवस आई रिकाम्या हाताने बसली, तिसऱ्या दिवशी उठून मेथीची जुडी घेऊन आली, म्हणाली नुसतं बघवत नाही बाबा. तेव्हापासून अडीचला निवडणं-सोलणं असतं. मी आता नोकरीसाठी बाहेर आहे, परवा दुपारी फोन केला तर मागे टीव्हीचा आवाज येत होता, परत बत्तीसवर, म्हणजे बाबा झोपले नव्हते. मी विचारलं काय चाललंय मालिकेत?

"थांब जरा," म्हणाली, "लसूण संपत आलाय, मग बघून सांगते."