विहिरी खोदेपर्यंत गॅस निघून गेलेला असतो

डम्पिंग ग्राउंडवर पडलेला ओला कचरा किती लवकर कुजतो, या एका आकड्यावर मिथेन (हवा तापवणारा, जळणारा वायू) रोखायला परक्या देशांत मदतीने उभारलेले कितीतरी प्रकल्प तरतात किंवा बुडतात. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या मार्गदर्शिकेत लवकर कुजणाऱ्या कचऱ्याचा वार्षिक दर थंड-कोरड्या हवेत ०.०६ आणि उष्ण-दमट हवेत ०.४ धरला आहे. म्हणजे थंड देशात निम्मा माल कुजायला साडेअकरा वर्षं लागतात आणि उष्ण देशात पावणेदोन. गॅसच्या विहिरी, म्हणजे कचऱ्यातला गॅस ओढून घ्यायला भरावात उतरवलेल्या छिद्रांच्या नळ्या, मात्र दोन्हीकडे त्याच वेळापत्रकाने खोदतात: भराव पूर्ण झाला, वर माती पडली, निविदा निघाली, की मग. तोवर उष्ण देशात सर्वांत जास्त गॅस देणारा माल आपलं काम उरकून मोकळा झालेला असतो.

क्योटो कराराच्या सीडीएम योजनेतून (श्रीमंत देशांनी विकसनशील देशांतल्या उत्सर्जन-कपातीला पैसा देण्याची योजना) विकसनशील देशांत असे अनेक प्रकल्प उभे राहिले आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गॅस अंदाजापेक्षा खूपच कमी निघाला. कुजण्याचा वेग हे एक कारण. दुसरं कारण पाणी. ओला कचरा निम्म्याहून जास्त असला की लीचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याची, पातळी वर चढते, विहिरीतली छिद्रांची नळी बुडते आणि गॅसला आत यायला वाटच उरत नाही. गॅस कमी येतोय म्हणून ऑपरेटर ब्लोअरची (गॅस ओढणाऱ्या पंख्याची) ओढ वाढवतो. वरचं मातीचं आवरण भेगाळलेलं असेल तर त्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते. विहिरीच्या तोंडाशी ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर किंवा तापमान ५५ अंशांच्या वर गेलं, की भरावाच्या पोटात आग धुमसण्याचा धोका असतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पाण्याची पातळी मोजा, पाणी उपसा, आवरणाच्या भेगा बुजवा आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा. मिथेन, ऑक्सिजन, दाब आणि तापमान प्रत्येक विहिरीवर निदान महिन्यातून एकदा मोजलंच पाहिजे. हे करायला दोन शिकलेली माणसं, एक गॅस मीटर आणि पंपाचे सुटे भाग लागतात. मदतीच्या अंदाजपत्रकात गॅसवर वीज बनवणारा इंजिन-जनरेटर ठळकपणे असतो आणि नेमक्या याच गोष्टी नसतात. माझा आग्रह आहे तो हाच: परक्या देशाला मिथेन कमी करायला मदत करायची असेल, तर यंत्राइतकाच पैसा रोजच्या कामासाठी बाजूला ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे ओला कचरा भरावात जाऊच न देणं. सुरुवात घरोघरच्या वर्गीकरणापासून न करता भाजी मंडया, खानावळी, कत्तलखाने यांच्यापासून करावी. तिथे माल एका जागी, मोठ्या प्रमाणात आणि बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो. नुसत्या अन्नकचऱ्यात नत्र जास्त असतं. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं आणायला घनफळाने बरोबरीचा किंवा दुप्पट कोरडा माल लागतो: पाचोळा, लाकडाचे तुकडे, पेंढा. रास दीड ते दोन मीटर उंच आणि पायाशी साधारण तीन मीटर रुंद असावी. त्याहून उंच केली की स्वतःच्याच भाराने दबते आणि मधोमध हवा संपते. मूठभर माल घट्ट दाबला आणि बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर कोरडा माल आणखी घाला. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर निदान १५ दिवस राहावं आणि तेवढ्या काळात पाच वेळा रास उलटावी, म्हणजे रोगजंतू मरतात. ६५ च्या वर गेलं तर लगेच उलटा. कुजका वास आला की समजावं, आत हवा पोचत नाही आणि जो मिथेन टाळायचा होता तोच तिथे तयार होतोय. कोरड्या मालाचा साठा पावसाळ्याआधी आणि छपराखाली करून ठेवला नाही, तर बहुतेक खत प्रकल्प तिथेच मार खातात.

बायोगॅसचं थोडक्यात सांगतो. प्लास्टिक आणि वाळू डायजेस्टरच्या (कचरा कुजवणाऱ्या बंद टाकीच्या) तळाशी साचून आकारमान खातात. एकदम जास्त माल घातला की आम्ल वाढतं, पीएच ६.८ च्या खाली जातो आणि मिथेन बनवणारे जीवाणू मंदावतात. इंजिन बंद असताना गॅस जाळायला फ्लेअर (जादा गॅस जाळून टाकणारी ज्योत) नसेल, तर दाबाचा व्हॉल्व्ह उघडून सगळा मिथेन हवेत जातो. फ्लेअर नसलेल्या प्रकल्पाला मी मंजुरीच देणार नाही.

जिथे भराव टाळता येत नाही, तिथे जपानमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेली फुकुओका पद्धत मला फार मोलाची वाटते. भरावाच्या तळाशी दगडगोट्यांत छिद्रांचे मोठे पाइप टाकतात, त्यांचं बाहेरचं तोंड उघडं ठेवतात आणि जोडांवर उभे पाइप चढवतात. पाइपाच्या वरच्या भागातून हवा आत जाते, खालून लीचेट बाहेर येतं. कुजणाऱ्या कचऱ्याच्या उष्णतेने आतली हवा वर चढते आणि तिच्या जागी ताजी हवा ओढली जाते. ब्लोअर लागत नाही, वीज लागत नाही. आयपीसीसीच्या हिशेबात अशा भरावाचा मिथेन गुणांक ०.५ आहे, बंदिस्त भरावाचा १, म्हणजे तेवढ्याच कचऱ्यातून निम्मा मिथेन. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर ताफाइगाता इथे ही पद्धत वापरात आहे. ती एका साध्या चुकीने निकामी होते: लीचेटचं तळं भरलं आणि पाइपाचं तोंड बुडलं, की हवा थांबते. तळ्याची पातळी तोंडाच्या खाली ठेवणं हे रोजचंच काम, आणि पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा पाहण्याचं.

कचऱ्याखेरीज तेल आणि गॅसच्या क्षेत्रातूनही मिथेन निसटतो. तिथे गळती शोधणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २०१७ पासून सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण मिथेनचे मोठे लोट दाखवतं आणि संयुक्त राष्ट्रांची मार्स ही मिथेन-इशारा यंत्रणा संबंधित देशांना व कंपन्यांना सूचना पाठवते. पण २०२४ च्या अहवालानुसार अशा सूचनांपैकी जेमतेम एका टक्क्याला ठोस उत्तर मिळालं होतं. अल्जीरियातल्या हासी मेसाऊद तेलक्षेत्रातली, निदान १९९९ पासून चालू असलेली गळती त्याच वर्षी बंद झाली. लोट कुणाच्या व्हॉल्व्हमधून येतो हे जमिनीवर जाऊन पाहणारा, काम थांबवण्याचा अधिकार असलेला आणि हाताशी सुटे भाग असलेला माणूस तिथे हवा.

तो माणूस गेला की आधी काय पाहावं? फ्लेअर पेटलेला आहे का. विझलेला फ्लेअर म्हणजे सरळ मिथेनची चिमणी. पेटलेला फ्लेअर ९८ टक्के मिथेन जाळतो असं कागदावर धरतात, पण अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवरच्या २०२२ च्या अभ्यासात सगळे फ्लेअर मिळून हे प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास निघालं. पायलट ज्योत (फ्लेअर पेटता ठेवणारी छोटी ज्योत), आपोआप पेटवणारी यंत्रणा आणि ज्योत विझल्याचा इशारा देणारा सेन्सर ही तुलनेने स्वस्त खरेदी आहे. मग टाक्यांची झाकणं: नमुना काढून उघडीच ठेवलेली असतात किंवा गॅस्केट वाळलेलं असतं. मग पिस्टनच्या कॉम्प्रेसरचं रॉड पॅकिंग (दांड्याभोवतून गॅस गळू नये म्हणून बसवलेल्या कड्या), जे साधारण २६,००० तास चालल्यावर किंवा तीन वर्षांनी बदलायचं असतं. शेवटी व्हॉल्व्ह उघडबंद करणारे, गॅसच्या दाबावर चालणारे कंट्रोलर, जे बिघाड नसतानाही सतत थोडा गॅस सोडतात. तिथे दाबाखालची हवा किंवा वीज वापरता येते.

दुरुस्तीनंतर त्याच उपकरणाने, त्याच जागी पुन्हा मोजणी व्हावी आणि मदतीचा शेवटचा हप्ता त्या मोजणीवर सोडावा. गळती शोधणारा कॅमेरा दिल्याची पावती हा पुरावा धरू नये. मदतीचा करार निदान पाच वर्षांचा असावा आणि त्यात पॅकिंग, गॅस्केट, मीटरचं कॅलिब्रेशन व तंत्रज्ञांचा पगार या ओळी वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे पहिल्याच कपातीत त्या गायब होणार नाहीत.