आमची वाटचाल : वरच्या बाजारातून सीपॅनवर

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात एका फार्मसीच्या माथ्यावर आमचं ऑफिस आहे. पाटी लहान असल्यामुळे लोक झेरॉक्स आहे का विचारत वर येतात. आम्ही पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामला जोडता येतील असे तयार तुकडे, लिहितो, ती नीट बांधतो आणि सीपॅन या पर्लच्या इंटरनेटवरच्या भांडारात ठेवतो. तिथून ती कोणीही, कुठूनही, पैसे न देता उतरवून घेतो. २००९ साली हा बेत घरी सांगितला तेव्हा वडिलांनी कोकणीतून एवढंच विचारलं होतं, “फुकट दितलो जाल्यार खातलो कितें?” (फुकट देणार असशील तर खाणार काय?) प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्हाला धंद्यात पडल्यावरच सापडलं.

सुरुवात ग्रंथालयांपासून झाली. कोहा नावाची ग्रंथालय चालवायची प्रणाली न्यूझीलंडमध्ये १९९९ साली लिहायला घेतली आणि २००० च्या जानेवारीत तिथल्या हॉरोव्हेनुआ ग्रंथालयात ती सुरू झाली. ती पर्लमध्ये लिहिलेली आहे, मुक्त आहे आणि भारतात बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. गोव्यात ग्रंथालयांची परंपरा जुनी. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. गावोगावची वाचनालयं त्यामानानं लहान, पण कपाट उघडलं की मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी पुस्तकं एकाच फळीवर. अशा ठिकाणी कोहा बसवून देणं हे आमचं पहिलं काम. बसवायला फारसा वेळ लागत नसे. खरी अडचण यायची ती ग्रंथपाल छापील यादी मागायचे तेव्हा.

यादी अकारविल्हे हवी असते. संगणकानं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, क्रमांकांप्रमाणे लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. आपल्या कोशात तो ‘ह’ च्या नंतर, आणि त्याच्या मागून क्ष, ज्ञ. साठी ओलांडलेल्या ग्रंथपालाला पहिल्या पानावरच ही चूक दिसते आणि मग ते पुढची पानं बघतच नाहीत. पर्लबरोबर येणाऱ्या ‘युनिकोड::कोलेट’ मध्ये निरनिराळ्या भाषांचे क्रम आहेत. त्यात मराठीचा आहे, कोकणीचाही आहे, हे कळलं त्या दिवशी आम्ही खाली जाऊन मिरची-पाव खाल्ले. पण तेवढ्यानं भागलं नाही. लेखकांच्या नावाआधी कै., डॉ., प्रा., ह.भ.प. असतं, ते ओलांडून क्रम लावायचा. पोर्तुगीज शीर्षकाच्या सुरुवातीचं ‘ओ’ किंवा ‘आ’ हे उपपदही ओलांडायचं. ग्रंथालयं पुस्तकाची माहिती ज्या ठरलेल्या साच्यात भरतात त्या मार्क नोंदीत २४५ क्रमांकाच्या शीर्षक-क्षेत्राला जे दुसरं दर्शक असतं, ते किती अक्षरं सोडायची तेच सांगतं. पण जुन्या नोंदींत तिथे सरसकट शून्य भरलेलं असायचं. हे सगळं सांभाळणारा कोड आम्ही एका वाचनालयासाठी लिहिला, दुसऱ्यासाठी पुन्हा लिहिला, आणि तिसऱ्याच्या वेळी त्याचं मॉड्यूल केलं.

दुसरं मॉड्यूल त्याच्याच पोटातून निघालं. ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ टंकायचे तीन मार्ग आहेत : नुक्त्यासकटचा एकसंध ऱ, किंवा साधा र आणि वेगळा नुक्ता, किंवा र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारा जोडखूण. डोळ्यांना तिन्ही सारखे. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. ‘ॲ’ चंही तसंच. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र टाकून काम भागवत होते, आणि प्रमाणीकरण या दोघांना कधीच एक करत नाही. म्हणजे वाचक ‘ॲडव्होकेट’ शोधतो, पुस्तक कपाटात आहे, आणि संगणक नाही म्हणतो. आमचं मॉड्यूल हे सगळं एका रूपात आणतं. करणी एवढीच. पण माझ्या मते आमच्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं मॉड्यूल छापखान्यांमुळे झालं. तिथे पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. ती उचलून मागे नेऊन ठेवायची, आणि पुढे जोडाक्षर असेल तर ते कुठे संपतं ते आधी ओळखायचं. रफाराचं उलट. यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण डीटीपी करणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि इतरांना कंटाळा येईल.

आता बांधणीकडे येतो, कारण आमचा धंदा खरा तिथे आहे. चालणारा कोड कॉलेजातली मुलंही लिहितात. अनोळखी माणसाच्या, आपण कधी न पाहिलेल्या यंत्रावर तो मुकाट्यानं बसला पाहिजे, ही निराळी गोष्ट. मॉड्यूलच्या सगळ्या फाइलींचं मिळून एक गाठोडं बांधतात. त्यात ‘मॅनिफेस्ट’ नावाची यादी असते, चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची असते तशी : यादीत नाही ते गाठोड्यात जात नाही, आणि चुकलेलं नेमकं शेवटच्या घटकेला आठवतं. म्हणून ‘मेक टेस्ट’ या चाचण्यांच्या आज्ञेवर न थांबता ‘मेक डिस्टटेस्ट’ चालवायची, ती गाठोडं बांधून, पुन्हा सोडून, त्या सोडलेल्यावर चाचण्या घेते. बांधणीसाठी डिस्ट::झिला हे लोकप्रिय साधन आहे. आम्ही ते वापरत नाही. त्याचे प्लगइन इतके की नुसती एक ओळ सुधारून पाठवू इच्छिणाऱ्याला आधी अर्धा दिवस ते बसवण्यात घालवावा लागतो. बांधणीच्या सूचनांची जुनी मेकफाइल आम्हाला पुरते.

आवृत्ती क्रमांकावर मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात बसवतो. १.९ नंतर १.१० येतो असं कोणालाही वाटेल. पर्ल मात्र हे दशांश म्हणून वाचते, त्यामुळे तिच्या लेखी १.१० म्हणजे १.१, आणि तो १.९ पेक्षा लहान. डेबियन लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली हेच आकडे टिंबाशी तोडून वाचते, तिच्या लेखी १.१० मोठा. एकाच गाठोड्याचे दोन क्रमांक दोन ठिकाणी उलटसुलट लागतात. एक बेवारस मॉड्यूल आम्ही दत्तक घेतलं होतं, त्यात आधीच्या लेखकानं नेमका हा घोळ मागे ठेवला होता. आम्ही दशांशानंतर कायम तीन आकडे लिहितो, १.००९, मग १.०१०, तेही अवतरणात, म्हणजे शेवटचं शून्य गळत नाही.

सीपॅन १९९५ पासून चालू आहे. तिथे माल चढवायचा दरवाजा म्हणजे पॉज. नाव पहिल्यांदा ज्यानं चढवलं त्याचा त्यावर पहिला हक्क. एकदा चढवलेलं फाइलनाव पुन्हा वापरता येत नाही, आणि काढून टाकलेली फाइलही बॅकपॅन या जुन्या फाइलींच्या साठ्यात राहतेच. हे कळल्यावर माणूस आपोआप सावकाश होतो. आम्ही कंपनीचं नाव मॉड्यूलच्या नावात कुठेच घातलं नाही. मॉड्यूल काय करतं ते नावावरून कळावं, कोणी केलं ते आत कोपऱ्यात असलं म्हणजे झालं.

चढवल्यावर मजा सुरू होते. सीपॅन टेस्टर्स नावाचे स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर प्रत्येक नवं गाठोडं सोडून चाचण्या चालवतात आणि पास-फेल कळवतात. ओपनबीएसडी ही संगणक-प्रणाली आमच्या ऑफिसात कोणी पाहिलीही नव्हती. तिच्यावर आमचं मराठी क्रमवारीचं मॉड्यूल पास झाल्याचा अहवाल आला तेव्हा भिंतीवर लावायची इच्छा झाली होती. देवनागरी नावांच्या चाचण्यांवर ‘वाइड कॅरॅक्टर’ ची सूचना मात्र ढिगानं यायची, कारण चाचणीचं उत्तर छापणाऱ्या वाटेला युटीएफ-८ ही युनिकोड लिहायची पद्धत सांगावी लागते. तेही जागेवर आणलं. पर्लची किमान आवृत्ती आम्ही ५.१४ ठेवली आहे. त्याच्या खालच्या पर्लांशी युनिकोडवरून भांडत बसण्यात अर्थ नाही.

गोवा घटक राज्य झालं ३० मे १९८७ ला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लॅरी वॉल यांनी पर्ल प्रसिद्ध केली. योगायोग एवढ्यावर थांबत नाही : पर्ल ५.२६ निघाली तीही ३० मे ला, २०१७ साली. त्या आवृत्तीत मॉड्यूल शोधायच्या वाटांमधून ‘चालू फोल्डर’ सुरक्षेच्या कारणानं वगळलं गेलं. कारण बरोबरच होतं. कोणीही त्या फोल्डरमध्ये खोटं मॉड्यूल ठेवलं तर पर्ल ते उचलत असे. पण आम्ही सांभाळत असलेल्या कित्येक जुन्या स्क्रिप्टा त्या वाटेवरच विसंबून होत्या, आणि ग्रंथालयांत शाळा उघडायच्या सुमाराची गर्दी. पाऊस लागला, सत्तरी तालुक्यात लाइट ये-जा करत होती, आणि आम्ही वाळपईच्या बाजूला स्कूटरवरून फिरत एकेक ओळ बदलत होतो. 

त्याच भागामुळे आमची वाटपाची पद्धत ठरली. इंटरनेटच्या भरवशावर राहायचं नाही. लागणारी सगळी मॉड्यूल, ज्या आवृत्तीत तपासली त्याच आवृत्तीत, एका छोट्या खासगी सीपॅनच्या रूपात पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तिथूनच बसवायची. सी कंपायलर (सी भाषेतला कोड यंत्राला समजेल असा करणारा प्रोग्राम) लागणारं काही शक्यतो घ्यायचं नाही; वाचनालयाच्या संगणकावर तो नसतो. आमची स्वतःची मॉड्यूल म्हणूनच शुद्ध पर्लमध्ये आहेत, जरा मंद चालली तरी.

आमची मॉड्यूल डेबियनमध्ये जायला वेळ लागला. तिथे प्रत्येक फाइलचे हक्क कोणाचे ते विचारतात. कोडचं सोपं होतं, पर्लच्याच अटी, आर्टिस्टिक किंवा जीपीएल हे मुक्त परवाने. अडलं ते गोव्याच्या नावांच्या मॉड्यूलवर. डिचोलीचं बिचोलिम, साखळीचं सँक्वेलिम, पेडण्याचं पेर्नेम. आडनावांत कामतांचं कामोतीम, प्रभूंचं पोरोबो, नायकांच्या शेवटी क्यू-यू-ई. पोर्तुगीज काळातली ही रूपं दाखल्यांवर, सातबारासारख्या जुन्या कागदांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सापडतात, आणि लेखक एकच असल्याचं संगणकाला कळत नाही. ही यादी कुठून आणली, असा प्रश्न आला. कोणाच्या पुस्तकातून उचललेली नव्हती, ग्रंथपालांना आणि शेजाऱ्यांना विचारून आम्हीच केली होती. तसं लेखी दिल्यावर काम झालं.

आता वडिलांच्या प्रश्नाचं. पैसा येतो तो ग्रंथालयांच्या वार्षिक देखभालीतून, छापखान्यांच्या आणि संस्थांच्या रूपांतराच्या कामातून, आणि अधूनमधून गोव्याबाहेरून. मॉड्यूलमधल्या माहितीत आमचा ईमेल असतो. बेळगावची एक संस्था तो वाचूनच आली आणि टिकली. अट एकच, करारात पहिल्या पानावर : तुम्ही पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळणार, तुम्हाला ती आधी मिळते एवढंच. यावरून काही गिऱ्हाइकं उठून गेली. जाऊ दिली. एका कार्यालयाच्या निविदेत ‘लायसन्सची किंमत’ असा रकाना होता आणि शून्य टाकलं की अर्ज पुढे सरकत नव्हता. एक रुपया लिहा, असा सल्ला तिथूनच मिळाला. त्यावर १८ टक्के जीएसटी लावून आम्ही एक रुपया अठरा पैशांचं बिल केलं.

माणसं मिळवणं कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मुलं मुलाखतीला येतात आणि विचारतात, “सर, पर्ल अजून चालते?” सगळ्यांना पायथन भाषा हवी असते, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. २०१९ साली पर्ल ६ चं नाव बदलून राकू झालं, २०२० साली पर्ल ७ ची घोषणा झाली आणि पुढे तो बेत मागे पडला. दोन्ही वेळा गिऱ्हाइकांचे फोन आले, सगळं बदलावं लागणार का म्हणून. काही बदलावं लागलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या स्क्रिप्टा थोड्या डागडुजीनं आजही चालतात, हे माझ्या मते पर्लचं सगळ्यात मोठं भांडवल, पण मुलाखतीत ते कोणाला भुरळ घालत नाही. मावसभाऊ भागीदार आहे, तो हिशेब आणि छापखाने सांभाळतो. आमच्याकडून बंगळुरूला गेलेली एक मुलगी अजून फाँटांचं मॉड्यूल सांभाळते. तिला आम्ही पॉजवर सह-देखभालीचा हक्क दिला आहे आणि ती आमची परवानगी न घेता आवृत्ती काढते. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र कोणीच काही चढवायचं नाही, फेलचा अहवाल आला तर बघायला माणूस नसतो.

सध्या रोमी कोकणी शीर्षकांचं काम हातात आहे. चाचणी आवृत्ती चढवली आहे. रोमीत ‘एक्स’ हा ‘श’ चा असतो, त्यामुळे इंग्रजीच्या क्रमानं लावलेली यादी सासष्टीतल्या वाचकाला कुठल्या कुठे वाटते. नावांची यादीही अजून अपुरी आहे, काणकोण आणि सांगे इकडची आडनावं फारच कमी. ज्यांच्या घरी जुने दाखले असतील त्यांनी आडनावाचं तेव्हाचं आणि आताचं रूप कळवावं. माणसाचं नाव, घर, तारीख काही नको, नुसतं आडनाव दोन्ही लिप्यांत पुरे. आणि ते आम्ही आमच्या अटींवर वाटलं तर चालेल, असं सोबत एका ओळीत लिहून द्या, डेबियनवाले विचारतात.