शुगर किती फूट?

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तर मित्राचा फोन. "लेका, छातीत नुसती आग उठलीय बग." आणि मागनं आवाज येतोय कुरुम कुरुम. भडंग. विचारलं तर म्हणतो, तोंडाला चव नाही म्हणून घेतलं मूठभर. आता सांगलीत मूठभर भडंगावर कोण थांबलंय आजवर? आणि ह्याची खायची तऱ्हा पण अशी की आधी तळलेल्या लसणाच्या पाकळ्या वेचून खायच्या, मग शेंगदाणे, आणि उरलेले चुरमुरे आपल्याकडं सरकवायचे, "घे, मला पथ्य आहे."

पथ्य शुगरचं. रक्त तपासायचं ठरलं की आधी चार दिवस कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, घरात सगळ्यांना धाक, मग उपाशीपोटीची शुगर जरा बरी येते आणि पठ्ठ्या खूश. एचबीएवनसी ही रक्ताची दुसरी तपासणी मात्र असल्या नाटकाला भुलत नाही, लाल पेशी 120 दिवसांच्या आसपास जगतात त्यामुळं मागच्या दोन-तीन महिन्यांतलं सगळं त्यात उतरतं, लग्नातल्या जिलब्यांसकट. 6.5 टक्क्यांपासनं डायबेटिस म्हणतात, ह्याची आली 8.2. तर म्हणे मशीन गंडलंय.

मी लई दिवस सांगून बघितलं. सकाळी आमराईत फिरायला येतो म्हणाला, आला, आणि बाहेर पडल्या पडल्या वडापावची गाडी शोधली. हल्ली मी नुसतं "हं" म्हणतो. त्याला तेवढं पुरतं. मलाच पुरत नाही कधीकधी.

आमचे आजोबा असेच होते, आईचे वडील. घर गावभागात, कृष्णेच्या अंगाला. पावसाळा आला की तक्रारी सुरू, भिंतीला ओल, गाद्यांना वास, ह्या गावात माणसानं राहू नये. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, कारण आजोबा दिवसातनं चारदा छत्री घेऊन पाणी बघायला जायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. येताना वाटेत भेटेल त्याला आकडा सांगायचा, जणू ह्यांनीच वाढवलंय. 2005 ला पाणी घरात शिरलं ते उतरल्यावर त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली. मामानं विश्रामबागला फ्लॅट घेतला, तिथं कसेबसे आठवडाभर राहिले आणि परत, का तर म्हणे तिथं पावसाचा आवाज नीट येत नाही. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, ती रेघ पार बुडाली. तेव्हा आजोबा नव्हते. असते तर नवीन रेघ मारली असती, जागा सोडली नसती, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

मित्र पण शुगर अशीच सांगतो, पाणी चढल्यासारखी. "आज दोनशे चाळीस!" आवाजात काळजी कमी, रुबाब जास्त. मग मी पण विचारतो, किती फूट झालं रे आज? तो हसतो, मी हसतो, वहिनी आतनं भांडी आपटतात.

पण परवा मारुती रोडनं चाललो होतो दोघं, ऍसिडिटीचं पुराण चालू होतं, आणि त्याची डाव्या पायातली चप्पल निसटली. हा तसाच पुढं. तापलेल्या डांबरावर अनवाणी, बोलतच. मी मागनं चप्पल उचलून आणून दिली तेव्हा खाली बघितलं त्यानं. पायाला मुंग्या येतात का, कधीपासून, असं काय काय विचारलं तर म्हणाला, "काय नाही रे, चल." छातीतली आग, पाठ, झोप, जावयाचा स्वभाव, सगळ्याची तक्रार करणारा माणूस, पायाबद्दल आजवर एक अक्षर बोललेला नाही.

मिरजेत शुगरच्या डॉक्टरांकडं मंगळवारची वेळ घेतलीय. नंबर दोघांच्या नावानं लावलाय, त्याला सांगितलंय की मला दाखवायचंय, सोबतीला चल.