बत्तीसची कंबर

ट्रायल रूममध्ये तीन पँटी घेऊन शिरलो होतो. तिन्ही एकाच कंपनीच्या, तिन्हींच्या कमरेला आतून शिवलेल्या पट्टीवर एकच आकडा: ३२. पहिली मांड्यांपाशीच अडली. दुसरी बसली. तिसरीचं बटण लावून हात सोडले, तर ती खाली निघायच्या बेतात. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं आणि आत मी एका पायावर उभा होतो, दुसरा पाय नळीत अडकलेला. यातली खरी बत्तीस कोणती?

ट्रायल रूम ही तशी निर्दय जागा. वरून पांढराफेक उजेड, तीन बाजूंना आरसे, अडकवायला हूक दोन आणि आपल्याकडे अडकवायच्या वस्तू सहा. आपली पाठ मागून कशी दिसते हे माणसाला इतकं स्पष्ट दाखवायची खरं तर काही गरज नसते.

बाहेर आल्यावर दुकानातल्या पोराने समजावलं, "सर, ती स्लिम फिट आहे, ही रेग्युलर, आणि ती रिलॅक्स्ड." ठीक. फिट बदललं की मांडी बदलेल, पोटरी बदलेल. कंबर कशी बदलेल? बत्तीस इंच म्हणजे बत्तीस इंच. इंच काही कंपनीच्या मालकीचा नाही. पोरगा नुसता हसला.

नंतर कळलं, की माझ्यासारखाच एक माणूस आधी चिडून गेलेला आहे. २०१० साली 'एस्क्वायर' या अमेरिकी मासिकातल्या एका लेखकाने मापाची टेप खिशात टाकून दुकानं पालथी घातली. लेबलवर ३६ लिहिलेल्या पँटची कंबर प्रत्यक्षात मोजली, तर कुठे ३७, कुठे ३९, आणि एका ठिकाणी चक्क ४१ इंच भरली. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते कमी देणाऱ्याला. हा जगातला एकमेव व्यापारी असावा, जो जास्त देऊन मापात पाप करतो आणि गिऱ्हाईक शीळ घालत घरी जातं. एक्केचाळीसची कंबर छत्तीसमध्ये मावली, आणखी काय हवं! त्या दुकानात माणूस पुन्हा जाणारच. खरं माप सांगणाऱ्या दुकानात कोण जातो?

याला धंद्याच्या भाषेत 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात. बायकांच्या कपड्यांत तर याला धरबंधच उरलेला नाही, कारण तिथे आकडा इंचाशी बांधलेलाच नाही. अमेरिकेत १९५८ साली सरकारने बायकांच्या तयार कपड्यांसाठी मापांचा एक तक्ता काढला. त्यात आठ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस. आज तिथल्याच तक्त्यांत तेवढ्या कमरेला शून्य नंबरही सैल पडेल. माणसं वाढत गेली आणि आकडे मात्र त्यांचं मन राखायला खाली खाली येत राहिले. आठाचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन. शेवटी शून्य आलं. शून्याच्या खाली जायची वेळ आली तेव्हा कुणाला तरी उणे एक लिहायची लाज वाटली असावी, म्हणून शून्याशेजारी आणखी एक शून्य ठेवलं गेलं. डबल झीरो. जी बाई दुकानाच्या हिशेबात दोनदा नाही, तिलाही ड्रेस मिळतो.

मुळात माणसाला आकडा चिकटला कधी? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिंप्यांकडे इंचांची टेपसुद्धा नसे. गिऱ्हाईक आलं, की एक कागदाची लांब पट्टी घ्यायची, ती छातीभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक येईल तिथे कात्रीने खाच पाडायची. मग बाहीला एक खाच, पाठीला एक, कमरेला एक. पट्टीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकून ती खिळ्याला टांगून ठेवायची. मला ही पट्टी फार आवडते. तीत आकडा नाहीच. तू बेचाळीस आहेस की अडतीस, हे तीत कुठेही लिहिलेलं नाही, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या उपयोगाची नाही. त्या दुकानाच्या भिंतीवर गावातली माणसं अशी कागदी शेपट्यांसारखी लोंबत असणार.

पुढे फौजा आल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांना गणवेश हवे होते आणि प्रत्येकाची पट्टी कापायला सवड नव्हती. सैनिकांच्या मापांचा ढीग जमला, तेव्हा लक्षात आलं की काही मापं जोडीजोडीने पुन्हापुन्हा येतात. अमुक छाती असेल तर तमुक कंबर. पुरुषांचे तयार कपडे त्या ढिगातून निघाले. बायकांची मापं घ्यायला त्यानंतरही बराच काळ कुणी गेलं नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने (हो, कृषीच, गृहविज्ञानाचा विभाग त्या खात्याकडे होता) जवळजवळ १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन या दोघांनी हे काम केलं. एकोणसाठ! मनगट, कोपर, गुडघा, गुडघ्यापासून जमीन. एवढं करून हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. पाया असा, आणि त्यावरच १९५८ चा तो तक्ता उभा राहिला. तोही १९८३ मध्ये सरकारने मागे घेतला, आणि तेव्हापासून जो तो आपल्या मनाचा राजा.

पण या सगळ्यात माझं मन अडकतं ते नॉर्मापाशी. याच मापांचा मोठा आधार घेऊन १९४० च्या दशकात एका डॉक्टरने आणि एका शिल्पकाराने सरासरी अमेरिकन तरुणीचा पुतळा घडवला. नाव ठेवलं नॉर्मा. क्लीव्हलंडच्या आरोग्य संग्रहालयाने तो घेतला आणि १९४५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राच्या साथीने एक स्पर्धा काढली: या शहरातली खरीखुरी नॉर्मा कोण? ३,८६४ जणींनी आपली मापं पाठवली. परीक्षकांना वाटलं होतं, बहुतेकजणी पुतळ्याच्या इतक्या जवळ असतील की निकाल मिलिमीटरवर लावावा लागेल. नऊ मापांपैकी नऊच्या नऊ जुळणारी एकही निघाली नाही. निम्मी मापं जुळणाऱ्यासुद्धा हाताच्या बोटांवर नाही, तरी चाळिसाच्या आतच. त्यातल्या त्यात जवळच्या एकीला बक्षीस दिलं गेलं आणि विषय मिटला. पुतळा चुकलाय असं कुणी म्हटलं नाही. बायकांनी जरा व्यायाम करायला हवा, असा मात्र सूर निघाला.

आणि आपले कपडे आजही नॉर्माच्याच कुठल्या ना कुठल्या बहिणीसाठी बेतलेले असतात. कारखान्यात आधी एकाच मापाचा नमुना शिवतात आणि एका जिवंत माणसावर चढवून बघतात. त्या माणसाला फिट मॉडेल म्हणतात. त्याच्या खांद्यावर चुणी पडली की खांदा बदलतो, त्याच्या बगलेत काचलं की बगल बदलते. नमुना पास झाला, की त्यावरून ठराविक अंतराने लहान-मोठी मापं काढत जातात. याला ग्रेडिंग म्हणतात. म्हणजे माझ्या अंगातला शर्ट हा एका अनोळखी माणसाला चारी बाजूंनी फुगवून केलेला आहे. तो फुगताना सगळीकडून फुगतो. मी तसा फुगलो नाही. माझं फक्त पोट पुढे आलं; खांदे होते तिथेच आहेत आणि हात तर मुळीच लांब झालेले नाहीत. त्यामुळे पोटाला बसणारा शर्ट घेतला की बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येतात आणि मी मोठ्या भावाचे कपडे घातलेल्या पोरासारखा दिसतो.

त्यात कापड कापतात थरांवर थर रचून. सुरी जरा तिरकी झाली की वरच्या थरातली पँट आणि तळच्या थरातली पँट सावत्र बहिणी होतात. शिवताना आणखी थोडं इकडचं तिकडे. अर्धा इंच इकडे-तिकडे झालेलं तपासनीस चालवून घेतो. त्याला टॉलरन्स म्हणतात. अर्ध्या इंचाला धंद्यात सहनशीलता हे नाव आहे, हे कळल्यावर मला त्या धंद्याबद्दल थोडा आदर वाटायला लागला.

आता तर ट्रायल रूमही फोनमध्ये गेली. नंबरवर कुणाचाच विश्वास नाही, म्हणून लोक एकच पँट ३०, ३२ आणि ३४ अशी तीन नंबरांत मागवतात, पलंगावर बसून घालून बघतात आणि दोन परत पाठवतात. त्या परतीचा भार इतका झाला की झाराने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेला माल टपालाने परत करायला पैसे लावले. पुढच्या वर्षी एचअँडएमनेही तेच केलं. न खपलेले कपडे जाळून-फाडून टाकायला मोठ्या कंपन्यांना बंदी करणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला, तोही याच डोंगराकडे बघून. या डोंगरात माझ्याही दोन पँटी आहेत, हे मान्य करतो.

यावर सर्वांत धाडसी उपाय काढला तो जपानच्या झोझो कंपनीने. अंगभर पांढरे ठिपके असलेला एक काळा, अंगाला चिकटणारा पोशाख त्यांनी लोकांना घरपोच पाठवायला सुरुवात केली. तो घालायचा, फोनसमोर उभं राहायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. ठिपक्यांवरून फोन तुमचं माप काढणार आणि कंपनी तुमच्यापुरते कपडे शिवणार. विचार केला तर हीच ती शिंप्याची कागदी पट्टी, दोनशे वर्षांनी ठिपके लावून परत आलेली. पण दिवाणखान्यात ठिपक्यांचा पोशाख घालून गोल फिरणाऱ्या माणसाकडे घरचे कसे बघत असतील? लोकांनी पोशाख मागवले, कपडे काही त्या मानाने मागवले नाहीत, आणि ती योजना लवकरच गुंडाळली. कंपनीच्या मालकाने २०१८ मध्येच चंद्राला फेरी मारून यायचं जाहीर केलं होतं. तो बेतही २०२४ मध्ये रद्द झाला. माणसाच्या कमरेपेक्षा चंद्र गाठणं सोपं असेल, असं त्याला वाटलं असल्यास मी समजू शकतो.

प्रवासात तर आपण कोण आहोत हेच विसरायला होतं. एकदा माझी बॅग मला सोडून दुसऱ्याच शहराला निघून गेली. अंगावरच्या कपड्यानिशी परक्या देशात उतरलो आणि दुकानात गेलो. विक्रेतीने नंबर विचारला. माझ्याकडे एकच नंबर होता, आणि तो तिच्या देशात चालत नव्हता. या बाबतीत शेजारी देशांचंही जमत नाही: बायकांचा जर्मनीतला ३६ नंबर फ्रान्समध्ये ३८ होतो आणि इटलीत पोचेपर्यंत ४२. आगगाडीत बसल्या बसल्या सहा नंबर वाढतात, तेही काही न खाता.

जोड्यांचं आणखी निराळं. इंग्रजी पद्धतीत पाऊल अजून जवाच्या दाण्यांनी मोजतात: तीन जव म्हणजे एक इंच, आणि एक नंबर म्हणजे एक जव. युरोपातल्या पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. त्या विक्रेतीने या वादात न पडता एक धातूची पाटी आणून जमिनीवर ठेवली, तीवर माझं पाऊल ठेवलं आणि सरकता काटा अंगठ्यापर्यंत आणला. असं यंत्र १९२० च्या दशकात सिरॅक्युजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने बनवलं; बाप जोड्यांच्या धंद्यात, आणि पोराने पहिला नमुना मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून केला. पाटी थंडगार होती. माझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा आहे, हे मला तिथे, त्या परक्या गावात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं डावा बूट चावतो म्हणून मी बुटाला शिव्या देत होतो.

बत्तीसच्या त्या तीन पँटींपैकी बसलेली, म्हणजे मधली, मी घेतली. दोन महिन्यांत तीही काचायला लागली. तेव्हा ती घेऊन कोपऱ्यावरच्या आल्टरवाल्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी पँट उलटी केली, कमरेची मागची शिवण अंगठ्याने चाचपली आणि मान हलवली.

"माया नाही ठेवलेली."

मी बघत राहिलो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात हे मला माहीत होतं. लहानपणी कपडे वाढत्या अंगाचे घेत आणि शिवून घेतले तर आई दुकानात बजावायची, माया भरपूर ठेवा. दर वर्षी ती थोडी थोडी उसवली जायची. कापडाचा तो आतला भाग उन्हात न निघालेला, मूळ रंगाचा असे, आणि पँटवर दर वर्षी एक नवी गडद रेघ उमटे. कारखान्याला ते परवडत नाही. शिवणीत बोटभर कापड दडवायचं, तर लाख पँटींमागे केवढं कापड जाईल!

"थोडीशी आहे," मास्तर चष्मा वर करत म्हणाले, "पाव इंच मिळेल. बाकी कळी घालावी लागेल. उभे राहा."

त्यांनी टेप कमरेभोवती घेतली. मी नकळत पोट आत ओढलं.

"श्वास सोडा."

सोडला. त्यांनी वही उघडली आणि माझं पान काढलं. माझ्या नावाखाली आकडे होते, एकाखाली एक, आधीचे खोडलेले: ३२, ३३, ३३॥. त्यांनी शेवटचाही खोडला आणि त्याखाली नवा लिहिला. तोंडाने आकडा उच्चारला नाही. मग कानामागे पेन्सिल खोचली आणि म्हणाले, "गुरुवारी या."