दोन चुली, एक देवघर

जनगणनेच्या प्रशिक्षणात रकान्यांत सांकेतिक अंक कसे भरायचे यावर तासन्‌तास खर्च होतात आणि कुटुंब कशाला म्हणायचे, हे एका वाक्यात आटोपते: जे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. मी मानवशास्त्र शिकून शिक्षकी पेशात आले, म्हणूनच की काय, २०११ च्या जनगणनेत प्रगणक असताना सातारा जिल्ह्यातील एका घरात या वाक्याची जी परीक्षा झाली, ती अजून मनातून जात नाही.

छप्पर एकच होते. माजघरात फळ्यांचा आडोसा घालून दोघा भावांनी चुली वेगळ्या केल्या होत्या. सातबाऱ्यावर शेत सामाईक होते आणि देवघरही एकच. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत नात्याबरोबर एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता आणि समान देवपूजा येतात. या घरातून त्यांपैकी केवळ चूल गेली होती, आणि आमची अनुसूची, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीचा छापील तक्ता, नेमकी तिलाच मानते. हे सर्वस्वी चूक नाही. बोर्निओतील इबान लोकांच्या लांब घरात अनेक कुटुंबे एका छपराखाली राहतात, पण प्रत्येकाचे दालन, चूल आणि भातशेती स्वतंत्र असते. तिथे छप्पर मोजून काहीच कळले नसते.

मी दोन कुटुंबे नोंदवली. प्रश्न आजींचा होता. त्या एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे जेवत, आणि पाळी पहिल्या तारखेच्या सकाळी बदले. गणनेचा क्षण १ मार्चचे ०० वाजून ०० मिनिटे हा ठरलेला होता, त्यामुळे फेब्रुवारीत त्यांचे नाव थोरल्याच्या अनुसूचीत गेले, ते नियमाने बिनचूक होते. १ ते ५ मार्चच्या फेरीत जन्म, मृत्यू आणि राहून गेलेली माणसे तपासायची असतात. त्या फेरीत मी पोहोचले तेव्हा आजी धाकट्याच्या स्वयंपाकघरात भाकरी खात होत्या. धाकटा कळवळून म्हणाला, “बाई, आईचं नाव माझ्याकडं लिहा. उद्या कुणी म्हणायला नको, धाकट्यानं सांभाळलं नाही म्हणून.” १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा ठरत नाहीत, हे मी समजावले. त्याचे समाधान झाले नाही, कारण तो पुरावा मागतच नव्हता. आईला जेवू घालणारा मुलगा म्हणून त्याला कुठेतरी नोंद हवी होती.

देवघराच्या कोपऱ्यात आजींचा स्वतःचा स्टोव्हही होता. कुलाचाराचा नैवेद्य त्या तिथेच रांधत आणि त्या दिवशी दोन्ही घरे एका पंक्तीला बसत. मग चुली दोन, तीन की एकच? पर्यवेक्षकांना विचारले, तर ते म्हणाले, “डोकी तेवढीच राहतात ना? पुढचं घर घ्या.” लोकसंख्येपुरते ते खरे होते, परंतु कुटुंबांची संख्याही आपणच प्रसिद्ध करतो आणि तिच्यावरूनच एकत्र कुटुंबे मोडत चालल्याचे निष्कर्ष काढले जातात. राहते घर आणि नात्याचे कुटुंब यांची गल्लत करू नये, हे समाजशास्त्रज्ञ अ. म. शहा यांनी गुजरातच्या अभ्यासातून १९७३ सालीच मांडले होते.

मी नोंद बदलली नाही. २०२७ ची जनगणना मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे. तिच्यात मुलांकडे पाळीने जेवणाऱ्या आईवडिलांसाठी एक सांकेतिक अंक असावा आणि प्रशिक्षणात अशा एका तरी घराचे उदाहरण सोडवून घ्यावे, अशी माझी मागणी आहे. असे वृद्ध किती आहेत, ते २०११ च्या अनुसूचीतून काढता येत नाही.